हुकूमनाम्याची नक्कल

कौटुंबिक न्यायालयातला निकाल लागला की बहुतेकांना त्या इमारतीचे नावही नको असते. फाइल वकिलाकडे राहते. पुढे वकील गाव बदलतात, वकिली थांबवतात, कधी वारतात. घरात ठेवलेली एकुलती एक झेरॉक्स सामान हलवताना गहाळ होते. आणि मग आठ-दहा वर्षांनी तो कागद अचानक हवा होतो. दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. मुलाला घेऊन परदेशी जायचे तर ताब्याचा आदेश दाखवावा लागतो. पोटगी थकली की वसुलीच्या अर्जाला मूळ आदेश जोडावा लागतो.

कधीकधी तर निकालाहूनही दाव्याच्या पहिल्या पानाला जास्त मोल येते. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घटस्फोटित मुलीला, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर, कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. घटस्फोटाचा निकाल आई-वडिलांच्या पश्चात लागला असेल तर अनेक वर्षे अशा मुलींची अडचण व्हायची. २०१७ मध्ये केंद्राने खुलासा केला, की निवृत्तिवेतनधारक किंवा त्यांचा जोडीदार हयात असताना दावा सक्षम न्यायालयात दाखल झालेला असला तर निकाल नंतर लागूनही हक्क राहतो. अशा बाईला नुसता हुकूमनामा पुरत नाही. दावा कोणत्या तारखेला दाखल झाला, हे दाखवणारी मूळ अर्जाची प्रमाणित प्रत तिच्या हातात असावी लागते.

हे कागद मिळवणे अवघड नाही, पण माहिती नसेल तर माणूस महिनोन्‌महिने चुकीच्या दारात उभा राहतो. आणि ते दार बहुतेक वेळा न्यायालयाचेच असते, फक्त दुसऱ्या गावच्या.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४चा. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत अशी न्यायालये स्थापन करणे त्याने राज्यांवर बंधनकारक केले. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईची कौटुंबिक न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. मुंबईचे वांद्र्याला आहे, पुण्याचे शिवाजीनगरला. पुढे इतर शहरांतही ती आली, पण जिथे आजही स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हिंदू विवाह कायद्याखालचे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. त्यामुळे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी ‘फॅमिली कोर्ट’ शोधत फिरणाऱ्याला ती फाइल साध्या दिवाणी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात सापडते. एखाद्या शहरात कौटुंबिक न्यायालय नव्याने सुरू झाले की तिथले प्रलंबित खटले त्याच्याकडे वर्ग होतात. त्याआधीच निकाली निघालेल्या खटल्याचा शोध मात्र जुन्या न्यायालयापासून सुरू करावा.

गाव कोणते, हाही प्रश्न सोपा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार दावा लग्न लागले तिथे, समोरची व्यक्ती राहते तिथे किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे दाखल होऊ शकतो; २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. लग्न सांगलीत, संसार ठाण्यात आणि माहेर लातूरला असेल, तर तिन्ही ठिकाणे शक्यतेच्या कक्षेत येतात. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज वेगळा असतो, तो मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात. शिवाय खटला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने, आणि परराज्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हलवता येतो. हलला की नव्या ठिकाणी त्याला नवा क्रमांक मिळतो. जुन्या समन्सवरचा क्रमांक घेऊन गेलेल्या माणसाला ‘असा दावा आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळते, ते यामुळेही.

धर्मानुसारही वाट बदलते. २००१ पर्यंत ख्रिस्ती जोडप्याच्या घटस्फोटाचा जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. १८६९ च्या कायद्यातली ती तरतूद २००१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे वसईतल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला १९९०च्या दशकातला निकाल हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या कागदासोबत मुंबई उच्च न्यायालयाचा आदेशही शोधायला हवा. पारशी विवाहांचे खटले तर १९३६ च्या स्वतंत्र कायद्याखाली पारशी वैवाहिक न्यायालयात चालतात आणि मुंबईत ते न्यायालय उच्च न्यायालयातच भरते.

आणि काही वेळा शोधायला काहीच नसते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, आणि शहरांतही, ‘फारकत’ किंवा ‘काडीमोड’ म्हणून मुद्रांकावर लिहून घेण्याची रीत आहे. दोन्हीकडची चार माणसे बसतात, मजकूर टाइप होतो, अंगठे-सह्या होतात, नोटरीचा लाल शिक्का बसतो. शिक्का पाहून दोन्ही घरांना वाटते की सरकारदरबारी काम झाले. हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य करते हे खरे, पण त्या समाजात तशी रूढी पूर्वापार आहे हे सिद्ध करावे लागते, आणि ती जबाबदारी रूढीचा दावा करणाऱ्यावर असते. अशी रूढी सिद्ध झाली नाही तर तो मुद्रांक म्हणजे नुसता कागद, आणि पहिले लग्न कायद्याने टिकून असते. याची झळ बहुतेक वेळा बाईलाच बसते. पुढे दुसऱ्या नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा किंवा वारसाचा प्रश्न निघतो, तेव्हा ‘घटस्फोटाचा कोर्टाचा कागद आणा’ असे सांगतात आणि तो कागद कधी जन्मालाच आलेला नसतो. फारकतनामा हाती असलेल्याने न्यायालयात नक्कल मागण्यात वेळ घालवू नये; त्याने आधी वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला गाठून आपली स्थिती काय आहे ते विचारावे.

न्यायालय ठरले की पुढचा आधार क्रमांकाचा. कौटुंबिक न्यायालयात अर्जांना इंग्रजी अक्षरांचे गट असतात. घटस्फोटासारखे वैवाहिक अर्ज ‘ए’ गटात, मुलांचा ताबा आणि पालकत्व ‘डी’मध्ये, फौजदारी प्रक्रियेखालची पोटगी ‘ई’मध्ये, तर परस्पर संमतीचा घटस्फोट ‘एफ’मध्ये. एकाच जोडप्याचे दोन-तीन गटांत वेगवेगळे खटले असू शकतात, म्हणून नुसते ‘आमची केस’ म्हणून भागत नाही. क्रमांक समन्सच्या पानावर असतो, वकिलाच्या पावतीवर असतो, अंतरिम पोटगीच्या जुन्या आदेशावर असतो. दाखल करतानाचा क्रमांक आणि नोंदणीनंतरचा क्रमांक वेगळे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

संगणकावर नोंदलेल्या खटल्यांसाठी ई-कोर्ट्‌सचे संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप आहे. तिथे प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्याची पहिली चार अक्षरे राज्य आणि जिल्हा सांगतात, पुढचे दोन अंक न्यायालयाची आस्थापना, मग सहा अंकी अनुक्रमांक, आणि शेवटचे चार अंक वर्ष. हा क्रमांक कळला की शोध जवळपास संपतोच. तो नसेल तर पक्षकाराचे नाव, वकिलाचे नाव, खटल्याचा प्रकार किंवा वर्ष घालून पाहता येते.

नावाने शोधताना मराठी माणसाची वेगळीच पंचाईत होते. नोंद रोमन लिपीत असते आणि ‘ज्योती’, ‘वैशाली’, ‘गायकवाड’ ही नावे प्रत्येक टंकलेखक आपापल्या परीने लिहितो. बाईचे नाव सासरच्या आडनावाने नोंदले आहे की माहेरच्या, हे आधी सांगता येत नाही. लग्नात बदललेले पहिले नाव आणि ‘उर्फ’ यांनी गोंधळ आणखी वाढतो. म्हणून आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे टाकून, वर्ष एकेक बदलत पाहणे जास्त उपयोगी पडते. नवऱ्याच्या नावानेही शोधून पाहावे. कौटुंबिक खटल्यांत पक्षकारांची नावे झाकलेली असतात किंवा आदेश उघडत नाहीत असेही अनेकदा घडते; त्याचा अर्थ खटला नाही असा होत नाही. जुन्या फाइलींसाठी तर न्यायालयातल्या नोंदवह्यांखेरीज इलाज नसतो, आणि तिथे दाखल झाल्याचे वर्ष जरी अंदाजाने सांगता आले तरी कर्मचाऱ्याचे काम पुष्कळ हलके होते.

यानंतरचे काम नक्कल विभागाचे. अर्जावर खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि नेमके कोणते कागद हवेत ते लिहायचे, कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची. इथे ‘नेमके’ हा शब्द मनावर घ्यावा. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणमीमांसा असते, हुकूमनाम्यात अंतिम आज्ञा असते, रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झाले त्याची नोंद असते आणि दाखल झालेल्या अर्ज-कागदांना निशाणी क्रमांक असतात. नुसती ‘निकालाची प्रत’ मागितली तर निकालपत्र मिळते आणि हुकूमनामा राहून जातो, मग दुसरी खेप. परस्पर संमतीच्या प्रकरणात दोघांत ठरलेल्या अटींचा कागद, म्हणजे संमतीच्या शर्ती, वेगळा जोडलेला असतो. फ्लॅट कोणाचा, मुलाला भेटायचे कधी, हे सारे त्यातच असते, म्हणून तोही नावानिशी मागावा. खटला निकाली निघून फाइल अभिलेख कक्षात गेली असेल तर ती काढायला वेळ लागतो. पानांच्या हिशेबाने पैसे भरले की सही-शिक्क्याची प्रत मिळते.

पक्षकार स्वतः अर्ज करू शकतो, त्यासाठी वकील असलाच पाहिजे असे नाही. ही गोष्ट अनेक बायकांना कोणी सांगतच नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्यापासून अशीच लांब राहते: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य देण्याची जबाबदारी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ ने न्यायालयावरच टाकली आहे. विशेष विवाह कायद्यातही तशीच तरतूद आहे. पोटगीच्या आदेशाची प्रत ज्या व्यक्तीच्या बाजूने आदेश झाला तिला फुकट द्यायची असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, कलम २४ मध्ये, आदेशाची प्रत मोफत देण्याचे बंधन आहे. हा कोणाचा उपकार नव्हे. निकालाच्या दिवशीच ही प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावरून पुढच्या दहा वर्षांची तजवीज करावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा देशभरचा मदत क्रमांक आहे. नक्कल अर्ज लिहून देण्यासारखे काम घेऊन तिथे जायला काहीच संकोच नको.

प्रमाणित प्रतीच्या पाठीवर किंवा शेवटी काही तारखा लिहिलेल्या असतात: अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना या तारखा लागतात. प्रत मिळवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळण्याची सोय मुदतीच्या १९६३च्या कायद्यात, कलम १२ मध्ये आहे. पण अर्जच उशिरा केला तर त्याआधी हुकूमनामा तयार होण्यात गेलेले दिवस वगळले जात नाहीत. कौटुंबिक न्यायालय कायदा अपिलाला तीस दिवस देतो. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांसाठी नव्वद दिवस धरावेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये दिला. मुदत कोणतीही धरली तरी नक्कल अर्ज निकालानंतर लगेच करणे शहाणपणाचे.

या साऱ्या खटाटोपाची सर्वांत जास्त गरज कोणाला पडते? जिच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला आहे तिला. ती माहेरी असते, समन्स सासरच्या पत्त्यावर जाते, ‘घेण्यास नकार’ किंवा ‘पत्त्यावर मिळाली नाही’ असा शेरा पडतो, एखाद्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून येते जी तिच्या गावात कोणी वाचत नाही, आणि एके दिवशी नवऱ्याने दुसरे लग्न केल्याचे कळते तेव्हा आपला घटस्फोट झाला आहे हेही कळते. अशा वेळी एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली करता येतो. त्याला मुदत तीस दिवसांची. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे तीस दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात.

इथे तिचे सारे बळ फाइलमध्ये असते. समन्सवर पत्ता कोणता लिहिला होता, बेलिफाने अहवालात काय म्हटले, साक्षीदार कोण होता, जाहीर नोटीस कोणत्या वर्तमानपत्रात आली, आणि तिचा खरा पत्ता नवऱ्याला ठाऊक होता हे दाखवणारा एखादा कागद त्याच फाइलमध्ये आहे का. म्हणून अशा बाईने निकालपत्राच्या प्रतीवर न थांबता मूळ अर्ज, संपूर्ण रोजनामा, समन्स बजावणीचे अहवाल, प्रतिज्ञापत्रे आणि जाहीर नोटिशीचे कात्रण, सगळ्यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. तातडीची नक्कल मिळण्याची सोय असते, तीही वापरावी. कळल्याची तारीख कोणत्या कागदाने किंवा कोणाच्या साक्षीने दाखवता येईल, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे.

बाहेरच्या माणसाला या फाइली सहजी मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कोणत्याही पक्षकाराने मागणी केली तर कौटुंबिक न्यायालयाचे कामकाज बंद दालनात चालवावेच लागते. हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ पुढे जाऊन अशा कामकाजाचा मजकूर छापण्याला मनाई करते; उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तेवढे परवानगीने छापता येतात. उल्लंघनाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, जो आजच्या काळात अगदीच तोकडा वाटतो. न्यायालयाच्या समुपदेशकापुढे नवरा-बायको जे बोलतात ते महाराष्ट्राच्या नियमांनुसार गोपनीय असते; त्या टिपणांची नक्कल मिळत नाही आणि समुपदेशकाला ते उघड करायला भागही पाडता येत नाही.

पूर्वी असे नव्हते. रखमाबाईंचा खटला आठवावा. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या जोरावर त्यांनी नांदायला यावे म्हणून नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात खटला परत गेला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, पुढे त्या डॉक्टर झाल्या. त्या वेळचे निर्णय नावानिशी कायद्याच्या अहवालांत छापले गेले, वर्तमानपत्रांनी बाजू घेऊन भांडणे केली, आणि आजही ते निर्णय ग्रंथालयात कोणालाही वाचता येतात. इतिहासाला त्याचा लाभ झाला. पण त्या काळात एका तरुण मुलीच्या संसाराची चर्चा गावभर झाली, याची किंमत तिने एकटीने मोजली, आणि आजच्या मुलीला ती मोजायला लागू नये.

तरी तिसऱ्या माणसाचीही कधी खरी गरज असते. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना समोरच्याचा आधीचा घटस्फोट खरोखर झाला आहे का, हे पाहायचे असते. यावर सरळ मार्ग म्हणजे त्या माणसाकडेच प्रमाणित प्रत मागणे आणि तिच्यावरच्या क्रमांकावरून खटल्याची स्थिती पडताळणे. जो खरा आहे तो प्रत आणून देतो. वारसाहक्कासारख्या वादात तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही. न्यायालयाच्या न्यायिक कागदांच्या प्रती त्या न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले.

खटल्यात दिलेले मूळ दाखले, लग्नाचे फोटो, मुलाचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या, ही मात्र नक्कल नसून आपली वस्तू असते. अपिलाची मुदत संपल्यावर ती परत मागण्याचा अर्ज करता येतो, आणि तो करावाच, कारण न्यायालयाचे जुने कागद ठराविक काळानंतर नष्ट करण्याची तरतूद १९१७ च्या कायद्यात आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा सर्वांत दीर्घकाळ जपले जातात. बाकीच्या कागदांचे आयुष्य त्याहून कमी.

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांना एक पायरी जास्त चढावी लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणून त्या करारातल्या देशात हुकूमनामा दाखवायचा तर प्रमाणित प्रतीवर राज्यस्तरीय पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, घ्यावा लागतो. स्वतः येता येत नसेल तर इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन नक्कल काढता येते. उलट दिशेने, अमेरिकेत झालेल्या घटस्फोटाचा कागद इथे आणताना तिथल्या न्यायालयाच्या क्लार्ककडून शिक्क्याची प्रत घ्यावी आणि समोरच्याला नोटीस मिळाली होती, त्याने हजर राहून कामकाज मान्य केले होते, हे दाखवणारे कागदही सोबत घ्यावेत. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नाचा परदेशी निकाल भारतात कधी ग्राह्य धरायचा याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये घालून दिले आहेत, आणि त्यात या हजेरीला नि संमतीला मोठे वजन आहे.